न मारलेलं पान

कोयत्याची धार अंगठ्यावर बघत गावातले एक बाबा आधी झाडाला दम द्यायचे, "बोल, यंदा मोहरतोस का चुलीत घालू?" मग खोडावर सपासप घाव. आंबा धरत नसला की डिंगोऱ्यापासून येडगावापर्यंत लोक यांनाच बोलवायचे. पुढच्या वर्षी मोहोर आला तर श्रेय कोयत्याला. नाही आला तर "घाव कमी पडला!" आता यावर तुम्ही काय बोलणार?

नव्वदच्या दशकात येडगावला आम्ही टोमॅटोवर संशोधन करत होतो. जखम झाल्यावर झाडातली कुठली जनुकं जागी होतात, हे बघायचं होतं. जखमा करायला मजूर मिळाले ते नेमके हेच. पकडीनं खालचं एक पान चुरडायचं, एवढंच काम. पण हातच असा, की पानाबरोबर अख्खं रोप उपटून यायचं. मी ओरडलो की म्हणायचे, "घाव बसल्याबिगर अक्कल येत नाय, भाऊ. झाडाला नाय आन् पोरालाबी नाय."

पोर म्हणजे थोरला मुलगा. त्याला त्यांनी कासऱ्यानं फोडून काढला होता, एकदा तर हातच मोडला होता. तो घर सोडून गेला तो गेलाच. मला त्यांची चीड यायची, आणि दुपारी भाकरी मात्र त्यांच्याच फडक्यातली खायचो.

एकदा जेवता जेवता त्यांनी विचारलं, "मारतो खालचं पान, आन् तपासायला तुमी तोडता वरचं. त्याला कुटं कोण मारतंय?"

"खालचं पान वर सांगावा धाडतं," मी म्हणालो. "काही तासांत वरच्या पानातली जनुकं कामाला लागतात. मग ते अळीला पचत नाही."

"न मारता?"

"न मारता."

त्यांचा घास हातातच राहिला. "धाकटीला म्या कदी बोट लावलं नाय," ते म्हणाले. "शिनोलीला दिलीया. सणालाबी येत नाय."

दुसऱ्या दिवशी ते शिनोलीला जाऊन आले. "च्या दिला," एवढंच सांगितलं. "पर म्या व्हतो तवर लई लांब, दाराशी उभी राह्यली." त्यानंतर त्यांनी कुठल्याच झाडावर कोयता चालवला नाही. लोक हसले.

काही वर्षांनी ते गेले. दहाव्याला कुकडी नदीकाठी धाकटी आली होती. तिचा पदर बाभळीच्या फांदीला अडकला, म्हणून सोडवायला मी हात वर केला.

तिनं झटकन दोन्ही कोपरं वर घेऊन तोंड झाकलं.