बिल्ल्याची टोपी

आमच्या अँब्युलन्स सेवेत गाडी चालवणाऱ्याला ड्रायव्हर म्हणायचं नाही, पायलट म्हणायचं. हा शब्द ज्या कुणा साहेबाला पुण्यात बसून सुचला, त्याला पुढं असंही वाटलं असणार की पायलट म्हटलं की पायलटचा ड्रेस आलाच. म्हणून मागच्या उन्हाळ्यात धाराशिवला खोकी येऊन पडली. पायलटच्या खोक्यात पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर लावायच्या सोनेरी पट्ट्या, काळा टाय आणि समोर बिल्ला असलेली कडक टोपी होती. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आमच्या माणसांनी गळ्यात टाय बांधायचा होता.

डॉक्टरांच्या खोक्यात जाकीट निघालं. राखाडी, बिनबाह्यांचं, जिकडं तिकडं खिसे. पाठीवर इंग्रजीत ‘डॉक्टर’ लिहिलेलं. म्हणजे मी पेशंटकडं पाठ फिरवली आणि त्याला इंग्रजी वाचता आलं, तरच माझा हुद्दा त्याला कळणार. माप एकच, तेही कुणा पैलवानाला डोळ्यासमोर ठेवून काढलेलं. तुळजापूरला घरी गेले तेव्हा आईनं मला त्या जाकिटात पाहिलं आणि शांतपणे विचारलं, पेट्रोल पंपावर कधीपासून लागलीस? एवढं शिकवून शेवटी हेच करायचं होतं का, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

ड्रेससोबत प्रशिक्षणही आलं. ब्लेझर घातलेल्या एका तरुणानं एसी हॉलमध्ये आम्हाला ‘व्यावसायिक प्रतिमा’ शिकवली. पेशंटचा विश्वास आधी कपड्यावर बसतो आणि मग माणसावर, असं तो म्हणाला. ड्यूटीवर चढताना पूर्ण गणवेशातला फोटो ग्रुपवर टाकायचा, हेही त्यानंच सांगितलं. गाडीतला ऑक्सिजन भरलेला आहे का, याचा फोटो मात्र कुणी कधी मागितला नाही.

पण ब्लेझरवाल्याचं एक बरोबर होतं. विश्वास खरंच कपड्यावर बसतो. आमचे ड्रायव्हरमामा, मी त्यांना मामाच म्हणते, पन्नाशीचे, भरदार, मिशीला कलप लावणारे. पूर्वी टेम्पो चालवायचे. त्या पांढऱ्या शर्टात, सोनेरी पट्ट्यांत आणि टोपीत ते असे दिसायला लागले की मलाही त्यांना बीपी दाखवावंसं वाटलं. गाडी गावात शिरली की माणसं मामांभोवती गोळा व्हायची. म्हाताऱ्या बाया त्यांच्यापुढं जीभ काढायच्या. एका शाळेत पोरगी चक्कर येऊन पडली होती, तिथं हेडमास्तरांनी मामांना स्वतःची खुर्ची दिली आणि माझ्या हातात सलाईनची बाटली देऊन ‘जरा वर धरा बाई’ म्हणाले. सलाईन मीच लावलं होतं.

सुरुवातीला मी सगळीकडं सांगत सुटले की डॉक्टर मी आहे. लोक ‘व्हय व्हय’ म्हणायचे आणि मामांकडं बघायचे. माझी अक्कल काढली असती तर मी भांडले असते, पण ते तर कौतुकानंच बघायचे, म्हणजे साहेबांनी मदतीला बाई आणली, चांगलं झालं. शेवटी आमची एक पद्धत बसली. मी पेशंट तपासायची, हळू आवाजात मामांना सांगायची आणि मामा तेच खणखणीत आवाजात जाहीर करायचे. माझं वाक्य मामांच्या तोंडून गेलं की ते लगेच पाळलं जायचं. काम होत होतं, गाडी लवकर निघत होती. मला राग यायचा, पण राग काढायला वेळ कुणाकडं होता?

मामा वाईट माणूस नव्हते. फक्त टोपी त्यांना मानवली. हळूहळू ते माझ्या वाक्यात आपली दोन वाक्यं घालायला लागले. आधी ‘घाबरू नका’, मग ‘भात बंद करा’, मग एकाला तर गुडघ्यावर कुठलं तेल चोळायचं तेही सांगून झालं. मी गाडीत त्यांना झापलं. ते म्हणाले, लोक एवढ्या आशेनं विचारतात मॅडम, न्हाय म्हणवत न्हाय.

मग ईट गावाच्या पुढच्या एका वस्तीवरून फोन आला.

दुपारची वेळ होती. लिंबाखाली बाजेवर साठीचा माणूस पडलेला, अंगाला दरदरून घाम, रंग राखेसारखा. ओवा खाऊन झाला होता, सोडा पिऊन झाला होता, छातीला तेल लावून झालं होतं. सगळा कारभार त्याच्या थोरल्या भावाच्या हातात होता. त्यानं मामांना खुर्चीवर बसवलं आणि चहा टाकायला सांगितलं. मी खाली मातीत गुडघे टेकून ईसीजी काढत होते. पट्टी बाहेर आली आणि शंकेला जागाच राहिली नाही. हार्ट अटॅक होता, तोही मोठा. मी मामांना म्हटलं, अटॅक आहे, आत्ताच्या आत्ता धाराशिवला निघायचं.

तेवढ्यात थोरल्या भावानं हात जोडून विचारलं, “साहेब, ग्यासच हाय न्हवं? सांजपोतर उतरंल का?”

मामांनी मिशीवरून बोट फिरवलं. समोर चहा आला होता. आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यात पंक्चर सोडून कशाचं निदान केलं नव्हतं, म्हणाला, “ग्यासबी असू शकतो. बघू.”

सगळी वस्ती सैल झाली. कुणीतरी हसलंसुद्धा. ज्यांनी बाज उचलायला हात लावला होता त्यांनी हात काढून घेतले. मी ओरडून सांगितलं की हा माणूस मरेल. थोरला भाऊ मला समजावत म्हणाला, बाई, साहेब हायेत की.

मी उठले, मामांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. ती कानापर्यंत खाली आली. माझ्या आयुष्यात मी एवढी बावळट कधीच दिसले नसेन. मी म्हटलं, “हे गाडी चालवतात. डॉक्टर मी आहे. या पेशंटचं हृदय बंद पडायला लागलंय. उचला.”

टोपीखालून मामांचं टक्कल निघालं होतं. थोरल्या भावानं एकदा त्या टकलाकडं पाहिलं, एकदा बिल्ल्याकडं पाहिलं, आणि मला म्हणाला, “व्हय साहेब.” चार माणसं धावली. मामा स्ट्रेचर आणायला पळाले आणि पुढं त्यांनी गाडी अशी मारली की त्याबद्दल मला त्यांचं काहीच वाईट बोलायचं नाही.

मागं पेशंटला गोळी चावायला दिली, ऑक्सिजन लावला. थोरला भाऊ बाकावर बसला. पेशंटची बायको मात्र नवऱ्याच्या पायाशी, खाली पत्र्यावर. वर बसा म्हटलं तर मानेनं नको म्हणाली. तेरखेड्याच्या पुढं हायवे नीट लागला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, तेही दीर बाहेर बघतोय याची खात्री करून.

“तुमी डाक्टर हाव, ते मला मगाशीच कळलं हुतं,” ती म्हणाली. “नाडी तुमीच धरली. त्या दादानं हातबी लावला न्हाय.”

मी जरा चिडूनच विचारलं, मग बोलला का नाही?

“माझं कोण ऐकतंय बाई.”

दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं. तिथला तरुण डॉक्टर घाईत होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे दुखणं कधी सुरू झालं, किती तास उलटले, त्यावर ठरणार होतं. त्यानं विचारलं आणि थोरल्या भावानं लगेच उत्तर दिलं, दुपारी, जेवण झाल्यावर. ती मागून हळूच काहीतरी म्हणाली. डॉक्टरनं तिच्याकडं बघितलंही नाही, ‘दुपारी’ म्हणत तो वळला. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, यांना विचारा.

डॉक्टर थांबला. दीर बघत होता. तिनं पदर नीट केला.

“पहाटं,” ती म्हणाली. “गोठ्यात शेण काढताना छातीला हात लावून खाली बसले. म्या तवाच सांगितलं हुतं, ह्यो ग्यास न्हाय. समद्यांना सांगितलं हुतं.”