पल्लवी मला ‘सर’ म्हणाली तेव्हा

“सर, अजून पाच मिनिटं. प्लीज, हलू नका.”

माइकवरून हे शब्द आले आणि मी एमआरआयच्या नळीत पडल्या पडल्या गार झालो. कारण पल्लवी मला सर म्हणत नाही. चार वर्षं ती माझ्या हाताखाली काम करते आहे आणि चार वर्षं मी तिचा वानखडे काका आहे. थोड्याच वेळापूर्वी माझं डोकं कॉइलमध्ये अडकवताना ती म्हणाली होती, “काका, आत काई सापडते का पायतो आज. लोकाईले लई दिवसाचा डाउट हाय.”

कॉइल म्हणजे डोक्यावर बसवायचा प्लास्टिकचा पिंजरा. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये त्या दिवशी नवीन कॉइल आली होती. कंपनीचा इंजिनिअर ती जोडून देतो आणि मग म्हणतो, एक व्हॉलंटिअर द्या. म्हणजे फोटो नीट येतात का ते बघायला कुणीतरी धडधाकट माणूस. पेशंटवर असले प्रयोग करत नाहीत, म्हणून स्टाफपैकीच कुणीतरी आडवं होतं. सव्वीस वर्षं टेक्निशियन असूनही माझा नंबर कधी आला नव्हता. वीस मिनिटं झोप मिळेल म्हणून मीच हौसेने पुढे झालो.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. फोटो सगळ्यात आधी टेक्निशियनला दिसतात, पण सांगायचं डॉक्टरांनी. पेशंट बाहेर आला की आपला चेहरा वाचतो. म्हणून पल्लवीला मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, काहीही दिसलं तरी चेहरा बदलायचा नाही, आवाज बदलायचा नाही. चेहऱ्याचं तिला जमलं. आवाजाचं राहिलं.

शिवाय मला मशीन ऐकू येत होतं. फोटोंच्या प्रत्येक राउंडचा ठकठकाट वेगळा असतो आणि मला तो झोपेतही ओळखू येतो. हा राउंड ठरलेल्यांत नव्हता. हा एकाच जागेचे बारीक काप घेणारा होता. तो आम्ही काही सापडलं तरच घेतो.

टेबल बाहेर आलं. पल्लवीने मला हाताला धरून उठवलं. एरवी ती “उठा आता, चहा थंडा होऊन राहिला” म्हणते.

“काय आहे?” मी विचारलं.

“मॅडम सांगतील, सर.”

माझंच शिकवलेलं माझ्याच अंगावर आलं.

मॅडम म्हणजे आमच्या रेडिओलॉजिस्ट, फोटो वाचणाऱ्या डॉक्टर. त्यांनी मला शिरेतून औषध देऊन पुन्हा आत घातलं आणि मग स्क्रीनसमोर बसवलं. मेंदूवरच्या आवरणाला चिकटून मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं दिसत होतं.

“मेनिन्जिओमा. आवरणाची गाठ. बहुतेक साधीच आहे. पुष्कळांना असते आणि जन्मभर कळतसुद्धा नाही.”

“बहुतेक म्हणजे?”

“वानखडे, सहा महिन्यांनी परत बघू. वाढली नसली की झालं.”

“आणि वाढली तर?”

“तर तेव्हा बघू.”

याला इन्सिडेंटल फाइंडिंग म्हणतात. शोधायला गेलो एक, सापडलं भलतंच. असे किती पेशंट मी सव्वीस वर्षांत पाहिले. ‘बहुतेक’ ऐकून ते माझ्याकडे बघत आणि मी “काळजी करू नका” म्हणून पुढचा नंबर पुकारत असे. आता पुढचा नंबर पुकारणारं कुणी नव्हतं.

घरी बायकोला काही सांगायचं नाही असं ठरवून गेलो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, “सुनंदा, जरा पाणी देतेस का, प्लीज?”

तिने गॅस बंद केला. “काय झालं?”

“कुठे काय?”

“लग्नाले तीस वर्षं झाले. तुमी मले आज पह्यल्यांदा प्लीज म्हणलं. सांगा.”

आमच्या वऱ्हाडात माणूस गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी बिनसलं आहे. सगळं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि “जेवा अगोदर” म्हणून माझ्यावरच खेकसली. तेवढंच जरा बरं वाटलं.

अमरावतीतले मेंदूचे सर्जन सगळे मला ओळखतात. त्यांच्याकडे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत राजापेठेतला पानवालाही माझी तब्येत विचारायला आला असता. म्हणून आम्ही दोघं सीडी घेऊन एसटीने अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोटो पाहिले, डोळ्यांत टॉर्च मारला, हातापायांची ताकद बघितली.

“डोकं दुखतं?”

“रोज दुखतं.”

“कधीपासून?”

“स्कॅन झाल्यापासून.”

“त्याआधी?”

“कधीच नाही.”

“मग ते दुखणं स्कॅनचं आहे, गाठीचं नाही. याला आज हात लावायचा नाही. सहा महिने थांबा.”

थांबा म्हणणं सोपं. मी रोज सकाळी न्हाणीघरात एका पायावर उभा राहून तोल बघायला लागलो. मेंदू शाबूत आहे का हे तपासायला बडनेरा ते अकोला सगळी स्टेशनं ओळीने म्हणायचो. एकदा कुरुमच्या पुढचं माना काही केल्या आठवेना. तसाच बाहेर येऊन सुनंदाला सांगितलं.

सुनंदा म्हणाली, “ते तुमाले कवाच आठवत नोतं. मागच्या साली गाडीत बसून मलेच इचारलं होतं.”

सेंटरमध्ये तर सगळेच माझ्याशी चांगले वागायला लागले. कुणी खुर्ची देई, कुणी चहा आणून देई. पल्लवी ‘सर’वरून उतरायला तयार नव्हती. घाबरायला मी एकटा पुरेसा होतो, त्यात ही मंडळी.

दोनेक महिन्यांनी नामदेवराव आले. चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातले शेतकरी. मोटरसायकलवरून पडले तेव्हा त्यांच्या डोक्यात पाण्याची एक पिशवी सापडली होती, तिलाही डॉक्टरांनी ‘बहुतेक साधी’ म्हटलं होतं. दरवर्षी स्कॅनला येतात, हे चौथं वर्ष. त्यांची अंगठी काढून ठेवताना मी हळूच विचारलं, “नामदेवराव, मधले दिवस कसे काढता?”

“काऊन, साहेब? तुमीच त सांगतलं होतं, काळजी करू नका.”

“मग ऐकलं तुम्ही?”

“नाई.” ते हसले. “पह्यल्या साली लई भेव वाटे. वावरात भेव, जेवताना भेव. मंग म्या भेवाले बाजाराचा दिवस देल्ला.”

“म्हणजे?”

“आमचा बाजार बुधवारचा. मीठ-मिरची, दोर, खुरपं, जे लागन ते बुधवारी. मंधात भेव आलं का म्हणतो, आज नाई, बुधवारी ये लेका. बुधवारी बाजारात जातो, तं वांग्याच्या भावातच इसरून जातो.”

मी माझ्या भीतीला रविवार दिला. पोहे खाऊन झाले की अर्धा तास मन लावून घाबरायचं. दरवेळी जमलं असं नाही. मंगळवारीही ती यायची, गुरुवारीही यायची. पण तिला परत पाठवायला एक वार होता, आणि बऱ्याचदा ती निमूट जायची.

सहा महिने झाले. पुन्हा मी नळीत, पुन्हा पल्लवी माइकवर. पहिला राउंड झाला, दुसरा झाला. शिरेतलं औषध गेलं, तिसरा झाला. मग मशीन थांबलं. मी श्वास धरून पडून राहिलो. आता ‘सर’ येणार, असं वाटलं. माइक खरखरला.

“ओ काका! झोपले का आत? एक राउंड राह्यला. अन् घोरू नका, फोटोत येते!”

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच आलं. पाणी दोन्हीकडून कानात गेलं. पिंजऱ्यात डोकं अडकलेलं, पुसता येईना.

“हालले ना तुमी? खराब केला राउंड! आता परत घ्या लागते. सव्वीस वर्षं लोकाईले काय शिकोलं मंग?”

मॅडमनी दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून मोजलं. दाणा होता तेवढाच आहे. आता वर्षाने बघायचं. ‘बहुतेक’ मात्र रिपोर्टात अजून आहे.

या प्रकरणातून मी एकच धडा घेतला. नवीन शिकायला येणाऱ्यांना मी आता आवाज बदलू नका असं सांगत नाही, ते कुणालाच जमत नाही. मी सांगतो, पेशंट आत शिरल्यापासूनच त्याला अहो, सर, मॅडम, प्लीज म्हणा. मग पुढे काही सापडलं तरी बदलायला आवाज शिल्लक राहत नाही.

पल्लवीला मात्र वेगळा नियम आहे. त्याच दिवशी तिला म्हणालो, “पुढच्या वर्षी काही दिसलं तरी मला असंच झापायचं. सर म्हणायचं नाही.”

“अन् खरंच काई दिसलं, तं तुमाले समजन कसं?”

“मॅडम सांगतील,” मी म्हणालो.