यमीचा पूल, तात्यांचं आर्ट्स

काही मैत्रिणींच्या आठवणी राहतात, यमीचे मात्र किस्सेच राहिले! एक सांगायला घ्यावा तर त्याचा पदर धरून दुसरा येतो. आमच्या भिंगारच्या आळीतल्या बायका आजही भेटल्या की चहा गार होतो, पण यमी काही संपत नाही.

यमी म्हणजे यमुना, शिंगणापूरची. पुढच्या शिक्षणासाठी मामाकडे, नगरला लागून असलेल्या भिंगारला आली आणि शाळेत नेमकी माझ्या बाकावर बसली. ही सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मुलगी मॅट्रिक झाली की तिनं नगरला आर्ट्स कॉलेजात जायचं, बी.ए. व्हायचं, मग कांदेपोहे. यमीला मात्र पुण्याला जाऊन इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचा होता. तिच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच आपला निकाल देऊन टाकला होता, "आर्ट्स!"

तात्यांच्या शब्दापुढे जायची गावात कुणाची छाती नव्हती. पण यमी त्यांचीच लेक!

*

पहिला किस्सा चित्रकलेच्या तासाचा. बाईंनी विषय दिला, 'माझे घर'. आम्ही सगळ्यांनी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली कौलारू घर असं काढलं. माझं घर भिंगारच्या बाजारात, तिथे डोंगर कुठला? पण काढला.

यमीनं घर वरून पाहिल्यासारखं काढलं. ओसरी, स्वयंपाकघर, गोठा, विहीर, सगळं पट्टीनं मापात. बाई खूश झाल्या आणि मग चष्मा पुसून म्हणाल्या, "अगं, दार विसरलीस!"

"इसरले न्हाई बाई. आमच्या घराला दार न्हाईच."

शनिदेवाच्या गावात घरांना चौकटी असतात, पण दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. देवच राखण करतो म्हणतात. बाईंना हे ठाऊक होतं, तरी म्हणाल्या, "चित्रात एखादं काढलंस तर काय बिघडतं?"

"नसलेलं कसं काढू? फसवनूक हुईल ना!"

बाईंनी मार्क कापले. यमीनं दार काही काढलं नाही.

*

मामा मिलिटरीच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर होते. माणूस प्रेमळ, पण मेव्हण्याला टरकून. भाचीच्या डोक्यातलं खूळ काढायला त्यांनी एक युक्ती केली. साहेबाची परवानगी काढून तिला वर्कशॉप दाखवायला नेलं. तो खणखणाट, तो धूर, ते ग्रीसनं काळे झालेले हात एकदा पाहिले की पोरगी आपण होऊन आर्ट्सचं नाव घेईल, असा त्यांचा हिशेब.

दुपारी दोघं परत आले. मामा डोक्याला बाम चोळून आडवे झाले. यमी त्यांच्या उशाशी बसून विचारते, "मामा, ट्रकचं इंजिन पुरतं खोललंच न्हाई त्यांनी. उद्या जायचं का परत?"

*

मला स्वतःला आर्ट्सलाच जायचं होतं, आणि अगदी हौसेनं. म्हणून एक दिवस तिला ओढून कॉलेज दाखवायला घेऊन गेले. मनात म्हटलं, हिला आवडलं तर दोघी एका बाकावर राहू. ती पुण्याला गेली तर माझ्या शेजारी बसणार कोण?

मराठीचे प्राध्यापक फार गोड माणूस. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि म्हणाले, "आर्ट्स माणसाला माणूस बनवतं!"

यमीनं सरळ विचारलं, "सर, मंग पूल बांधता येतो का?"

तिच्या मळ्यावरून शाळेत जायला मधे ओढा होता. पावसाळ्यात पाणी चढलं की लहानपणी तिची शाळा बुडायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात तो पूल बसला होता.

सर हसून म्हणाले, "पूल नाही, पण पुलावर कविता करता येईल!"

"मंग सर, आदी कुनीतरी बांधाया पायजेल की!"

सर मनापासून हसले. मला मात्र रडू आलं, कारण ही काही ऐकत नाही हे मला त्याच दिवशी कळलं. मी आर्ट्सला जायचं पक्कं केलं आणि हिला पुण्याला पोचवायचंही.

*

पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. यमीनं नगरच्या बाजारातून चित्रं काढायची कंपासपेटी आणली. नेमका शनिवार! मामी उंबऱ्यातच आडव्या आल्या, "शनिवारी लोखंड घरात? अगं, तू शिंगणापूरची ना? साडेसाती लागेल!"

"मामी, देव आमच्याच गावचा हाय. घरच्या मानसाला कुनी वार इचारतं व्हय?"

मामींनी ती पेटी रविवार उजाडेपर्यंत बाहेर तुळशीपाशी ठेवली आणि वर हळदकुंकूही वाहिलं. पुण्याच्या बाजूनं पडलेलं हे घरातलं पहिलं मत!

*

राहिले तात्या. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामा, यमी आणि मी शिंगणापूरला गेलो. तात्यांचा होकार मिळाला तर सकाळी पुणे, नाही मिळाला तर नगर. वाटेत मामा तीनदा म्हणाले, "बोलायचं तूच हां पोरी."

तात्या ओसरीवर बसले होते. शेजारचे दोघं-तिघं जाणते होते. यमीनं पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं, "तात्या, उद्या मुलाखत हाय. मी जानार."

"आर्ट्सला जायाचं ठरलंय."

"तुमी ठरवलंय. मला पूल बांधायचाय."

चार माणसांत लेक उलटून बोलली! तात्या ताडकन उठले. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मामा माझ्या मागे सरकले.

"लई शिकली तू! घराबाहेर पाऊल टाकून तर बघ! उद्या दिवसभर घरात कोंडून घालीन!"

यमी चौकटीत उभी होती. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली,

"कोंडा की तात्या. पन दार कुठून आननार?"

जाणत्यांपैकी एकजण खोकला आला म्हणून अंगणात गेला. तात्या त्या उघड्या चौकटीकडे बघत राहिले. मग खाली बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि मामांना म्हणाले,

"पाव्हणं, सकाळची पयली यष्टी किती वाजता हाय?"