आठ वर्षांचा खांब

गुरुदास गवंडी आमच्याच वाड्यावरचा, पेडण्याजवळचा. त्याच्या हाताखाली मी अकरा वर्षं चिरे वाहिले. ओळंब्याला फरक दिसला की तो चढवलेला थर उतरवायचा. ऊन बघायचा नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात गावाने तळ्याकाठी स्मारक बांधायचं ठरवलं. दूरदूरच्या लढायांत मारल्या गेलेल्या मुलांसाठी. चिऱ्याचा एकच खांब, आठ वर्षांच्या पोरीएवढा, म्हणजे माणसाला वाकून पाटी वाचावी लागेल. पण आठ वर्षांची पोर म्हणजे नेमकी किती उंच, हे स्मारक समितीच्या गौरेशला ठाऊक नव्हतं.

“अंदाजान करा, काका. कोण येतलो मोजूक?”

“अंदाजान तू लगीन कर. खांब माका मापान होयो.”

घरी येऊन गुरुदासने नात गौरवीला दाराच्या चौकटीला उभी केली, टाचेपासून टाळूपर्यंत सूत धरलं आणि गाठ मारली. तिला नुकतीच आठ वर्षं पुरी झाली होती. सहा चिरे चढले, सातवा तासून गाठीला बरोबर बसवला.

सून रेश्माला हे तिसऱ्या दिवशी कळलं.

“बाबा, जित्या चेडवाचा माप मेल्ल्या पोरांक दिलात? दुसरा काय गावला नाय तुमका?”

“माप माप असता,” तो म्हणाला. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

त्याच रात्री गौरवीला ताप भरला. दोन दिवस उतरेना. रेश्मा सासऱ्याशी बोलेना. तिसऱ्या दुपारी तो खांब पाडायला पिकास घेऊन तळ्यावर गेला, मीही मागोमाग गेलो. गौरेश तिथेच होता. त्याने अडवलं नाही.

“काढा, काका. पण मगे आठ वर्सांचो खांब केवढो करतल्यात?”

खोटं माप गुरुदासला चढवता येईना, खरं बघवेना. शेवटी पिकास खांद्यावर टाकून घरी आला.

ताप चौथ्या दिवशी गेला. काळजी गेली नाही. पोर खोकली तरी हा उठून बसायचा. वर्षभर तळ्याच्या वाटेने गेला नाही, गौरवीलाही जाऊ दिलं नाही.

या जूनमध्ये शाळेने मुलांना स्मारकावर नेलं. गौरवी परत आली आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, “आजो, तुजो खांब माका हंयसर येता.”

“नीट उबी रवलेलंय मगे?”

“होय.”

“चपला घालून?”

“काढून.”

रेश्मा चुलीपुढून म्हणाली, “बाबा, आता जेवा.” तो जेवला. मग भिंतीकडे तोंड करून वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपला, दिवेलागणीपर्यंत उठला नाही.