‘ते’ म्हणजे कोण

नव्या वर्षाच्या सकाळी उपासनेहून आलो की शरणपूरच्या आमच्या घरी वचनं काढायची. ताटलीत पवित्र शास्त्रातल्या ओळींच्या चिठ्ठ्या. ज्याला जी येईल ती त्याची वर्षभराची. इतर घरांत आशीर्वादाचीच वचनं असत. आमचे पपा निवृत्त मास्तर. नुसतं गोड खाऊन दात किडतात म्हणत आणि न्यायनिवाड्याच्या दोन-चार ओळी मुद्दाम मिसळत.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. त्या वर्षी ताईच्या हाती आलं : संध्याकाळी भय. उजाडण्यापूर्वी ते नाहीत.

ताईचा चेहरा उतरला. लग्न नुकतंच झालेलं, नव्या वर्षाला दोघं आमच्याकडेच आलेली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. ‘ते आले’, ‘ते जेवले’ एवढंच. आणि दाजी होते एसटीचे ड्रायव्हर. त्याच संध्याकाळी कळवणची मुक्कामी गाडी घेऊन जायचे होते, सकाळी परत.

पपा समजावू लागले. वचन इब्री संदेष्ट्याचं. ‘ते’ म्हणजे शहराला वेढा घालून बसलेलं लुटारू सैन्य. संध्याकाळी शहर भ्यालं, उजाडायच्या आत सैन्यच नाहीसं झालं. न्याय त्यांचा, सुटका आपली. लुटारूंची ओळ चिठ्ठीवर मावली नाही, एवढंच. मला अस्सा राग आला त्यांचा. मास्तरकी संपली तरी धडे संपेनात.

ताई हळूच म्हणाली, “पपा, संदेष्ट्याचे ते कोणीही असोत. माझे ते एकच आहेत.”

तिनं दाजींना जाऊ नका म्हणून विनवलं. ड्यूटी चुकवली तर नोकरीवर गदा येईल, म्हणाले आणि गेले. ताईनं डबासुद्धा भरला नाही; मी भरला.

सकाळी गाडीची वेळ टळून गेली. ताई उंबऱ्यावरून हलेना. पपा शास्त्र उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. मग स्टँडवर चौकशीला जातो म्हणून चपला घातल्या आणि तिथेच उभे राहिले. दाजींना काही झालं, तर या माणसाशी जन्मात बोलणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

अंगणात उन्हं आली तेव्हा फाटक वाजलं. दाजी. हात ग्रीसनं काळे. वणीजवळ टायर पंक्चर झालं होतं.

ताई उठली आणि सगळ्यांदेखत त्यांना हाक मारली, नुसत्या नावानं, मोठ्यानं. दाजी लाजून फाटकातच थांबले. पपांनी मान खाली घातली.

नवऱ्याला ‘ते’ ती पुन्हा कधी म्हणाली नाही. शेजारणी नावं ठेवू लागल्या. ताई म्हणाली, “ठेवू देत. मी आपली नाव घेते.”