कॅरेट उचला, मग बोला

मीटिंग म्हटली की किस्से साठणारच. आमच्या टोमॅटोच्या शेडवर तर मालापेक्षा किस्से जास्त, कारण मीटिंग घ्यायचा माझा दादा. तो जाऊन सव्वा महिना झाला. माणसं घरी भेटायला येतात, गंभीर तोंड करून बसतात आणि चहा येईपर्यंत त्याचेच किस्से सांगून हसायला लागतात. मीही हसतो. ती गेली की त्यांचाच राग येतो.

दादाचा नियम एकच. ज्याला बोलायचंय त्यानं भरलेलं कॅरेट उचलायचं. वीस किलो टोमॅटो! कॅरेट वर आहे तोवर दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. कॅरेट खाली, बोलणं बंद.

शिनोलीचा बबन ड्रायव्हर कुठलीही गोष्ट पार आजोबांपासून सुरू करायचा. पहिल्याच दिवशी त्यानं कॅरेट उचललं, "त्याचं काय व्हतं..." म्हणाला, दम खाल्ला आणि म्हणाला, "टायर बदला." संपली मीटिंग.

शेठलाही सूट नव्हती. दर दिवाळीला ते 'आपण सगळे एक कुटुंब' असं भाषण करायचे. त्या वर्षी 'आपण सगळे'पर्यंत पोचले आणि कंबर धरून खाली बसले. दादा म्हणाला, "कळलं शेठ. आपन सगळे दोन दिवस सुट्टीवर." टाळ्या पडल्या. शेठना सुट्टी द्यावी लागली!

मी सातवीतून शाळा सोडलेला. राग आला की आधी कॅरेट आपटायचो, मग बोलायचो. फुटलेले टोमॅटो दादा पिशवीत भरून घरी न्यायचा. आई चटणी वाढताना विचारायची, "आज कशावरनं भांडला?"

दादाचा नियम हरला एकदाच. निवडणीवरच्या बायकांची म्होरकी सखूमावशी. तिनं कॅरेट हातात धरलंच नाही. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवलं आणि अर्धा तास बोलली. बायकांच्या संडासाला कडी नाही इथपासून दादाच्या मिशीपर्यंत. शेवटी दादाच दमून स्टुलावर बसला. कडी त्याच दुपारी लागली.

दादाच्या जागी शेठनी पुण्याहून मॅनेजर आणला. पोरगा वाईट नाही. पण त्यानं भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि 'वेळेचं नियोजन' यावर दीड तास बोलला. बाहेर भरलेली गाडी उन्हात उभी.

परवाच्या मीटिंगला त्यानं सांगितलं, उद्यापासून हा कॅरेटचा प्रकार बंद. कुणाची हरकत?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताडकन उठून कॅरेट उचललं. काय बोलायचं ते ठरलेलं होतं, शिव्यासुद्धा पाठ होत्या. पण शब्द फुटेना. मध्ये कुणी बोललं नाही. मॅनेजर घड्याळ बघत होता. कॅरेट कललं, वरचे दोन टोमॅटो घरंगळले, तरी मी कॅरेट खाली ठेवेना. ठेवलं की संपलं.

सखूमावशी उठली. तिनं पदराची चुंबळ केली, माझ्या हातातलं कॅरेट काढून आपल्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आता बोल. मला लई येळ हाय."