साखरमुक्त शुद्धीकरण

महासाथ ओसरली आणि गोव्यात चोपड्याला नदीकाठी एक आरोग्यधाम उघडलं. मी पेडण्याची, आयुर्वेदाची पदवी घेतलेली. तिथे वैद्य म्हणून लागले. मालकाचे पूर्वी सुर्ल्याला खनिजाचे ट्रक होते. खाणी बंद पडल्यावर त्याने ते विकले. पुढे महासाथीत लोक काढ्यामागे धावताना पाहिले आणि त्याला एकाएकी ऋषिमुनी आठवले.

मला वाटलं होतं, मी रोगी तपासणार. त्याला हवी होती सुती साडीतली एक बाई, पाहुण्यांच्या कपाळावर तेलाची धार सोडताना फोटोत शांत दिसणारी. मी नाडी बघता बघता दोनापेक्षा जास्त प्रश्न विचारले की तो दारातून म्हणे, "डॉक्टर, चड विचारू नकात. लोक हंय आराम करूक येतत."

पुण्याहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून मी दोन्ही वेळचं जेवण लिहून दिलं. मालकाने ते परस्पर रद्द केलं. बाईंनी 'शुद्धीकरण' घेतलं होतं, आणि त्यात म्हणे फक्त काढा. बाईंनी काढाही घेतला आणि गोळ्याही.

दुसऱ्या दिवशी योगासनं करताना त्या घामाने भिजून खाली बसल्या. हात थरथरत होते. साखर उतरली होती, उघडच होतं. मी स्वयंपाकघरातून साखरपाणी घेऊन धावले, तर मालक आडवा.

"सगळ्यांसमोर साखर नको. आमच्या जाहिरातीत साखरमुक्त लिवलला आसा."

मी त्याला बाजूला ढकललं, बाईंना घोट घोट पाजलं आणि माझ्या गाडीतून म्हापशाला इस्पितळात नेलं. वाटेत त्याचा फोन आला. "थंय आमचा नाव घेव नकात." बाई कशा आहेत, ते त्याने विचारलं नाही.

संध्याकाळी बाई सावरल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, गरगरणं हाही उपचाराचाच भाग असेल."

"नाही, तो फक्त उपाशीपणा होता," मी म्हटलं. इस्पितळात मी आरोग्यधामाचं नाव स्पष्ट सांगितलं आणि नोकरी सोडली.

आता डिचोलीला माझा छोटा दवाखाना आहे. मध्यंतरी एका समारंभात तोच मालक व्यासपीठावर आपल्या प्राचीन विद्येवर बोलत होता. वात म्हणाला, पित्त म्हणाला, आणि तिसरा दोष त्याला आठवेना. पहिल्या रांगेत मी दिसले, तशी त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं.

मी काही तो सांगितला नाही.